न्यूयॉर्क मॅरेथॉनला निघालात? मग फिरायचा प्रोग्रॅम उलटा लावा

पत्र (जागेसाठी थोडं छोटं केलंय):

"माझं वय ४४. न्यूयॉर्क मॅरेथॉनच्या लॉटरीत चक्क नंबर लागला! आजवर दोन फुल मॅरेथॉन केल्यात, बेस्ट टायमिंग ४ तास ५० मिनिटं, या वेळी साडेचारच्या आत यायचं ठरवलंय. मिस्टर आणि १४ वर्षांची मुलगी सोबत आहेत. बुधवारी रात्री उतरतोय, मंगळवारी परत. मिस्टरांनी गुरुवार ते शनिवार सकाळी आठ ते रात्री दहा असा फिरायचा प्रोग्रॅम आखलाय. मी काही म्हटलं की म्हणतात, एवढा खर्च करून जातोय तो हॉटेलात झोपायला का? खर्च माझ्यामुळेच होतोय, त्यामुळे मला पुढे बोलवत नाही. त्यात परदेशी पहिल्यांदाच जातेय. स्टार्टला एकटी कशी पोचणार, थंडीचं काय, रेस संपल्यावर हे दोघं कुठे सापडणार, याच विचारानं झोप उडालीय."
– एक धावणारी आई

ताई, तुमच्या मिस्टरांचा प्रोग्रॅम अजिबात वाईट नाहीये, फक्त उलटा लागलाय. रेस रविवारी आणि सोमवार अख्खा मोकळा, मग सगळं फिरणं रेसच्या आधीच कोंबायची घाई कशाला? न्यूयॉर्क हे पायी फिरायचं शहर आहे, टॅक्सी ट्रॅफिकमध्ये अडकते, सबवेला (म्हणजे तिथल्या भुयारी रेल्वेला) जिनेच जिने, एक स्टेशन चुकलं की "चल चालतच जाऊ" होतं आणि संध्याकाळी बघावं तर पंधरा-सोळा किलोमीटर झालेले असतात. म्युझियममध्ये तर चालण्यापेक्षा उभं राहणंच जास्त आणि पोटऱ्या भरून येतात त्या उभं राहूनच. शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत आपण किलोमीटर कमी करतो ते कशासाठी, पायातला साठलेला थकवा निघून जावा म्हणूनच ना? तो सगळा तीन दिवसांत परत भरायचा आणि मग रविवारी ४२ किलोमीटर पळायचं, हे कुणालाच जमणार नाही.

आता तुम्हाला खरं अवघड वाटतंय ते म्हणजे बोलायचं कसं. "खर्च माझ्यामुळे" हे वाक्य तुमच्या मूळ पत्रात तीनदा आलंय, मी छापताना दोनदा काढलं. मिस्टरांशी वाद घालूच नका. "मला जमणार नाही" म्हटलं की त्यांना वाटणार ट्रिप बोंबलली. त्याऐवजी "तुम्ही दोघं जा, मी रूमवर पाय वर करून पडते" असं म्हणा. बाप-लेक दोघंच शहर पालथं घालतील, त्यात तिलाही मजा आहे, त्यांनाही. तुम्ही प्रत्येक फोटोत असायलाच पाहिजे असं कुठे लिहिलंय?

माझ्या मते वाटणी अशी करा. गुरुवारी तिघांनी एक्स्पोला जायचं, म्हणजे रेसचा नंबर वाटतात त्या प्रदर्शनाला, जॅव्हिट्स सेंटरला, ७ नंबरची सबवे हडसन यार्ड्सला उतरवते ते अगदी जवळ. बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबर, तुमचा तुम्हालाच घ्यावा लागतो, दुसऱ्या कुणाला देत नाहीत, आणि फोटो आयडी लागतो, म्हणजे तुमच्यासाठी पासपोर्टच, तो हॉटेलच्या सेफमध्ये विसरू नका. शनिवारवर ढकलू नका, त्या दिवशी तोबा गर्दी असते. बिब घ्या, टीशर्ट घ्या आणि बाहेर पडा. आतमध्ये शूज, सॉक्स, एनर्जी जेल सगळं इतकं छान मांडलेलं असतं की हात शिवशिवतात, घ्यायचं तर खुशाल घ्या पण रविवारी त्यातलं काहीही अंगावर किंवा पोटात जाता कामा नये. जेल तुम्ही लाँग रनला घेता तेच, घरून मोजून न्या.

शुक्रवारी सकाळी सेंट्रल पार्कमध्ये चार-पाच किलोमीटर हलकं पळा, नव्वदाव्या स्ट्रीटच्या गेटमधून आत शिरून फिनिशपर्यंत. रेसचा शेवटही साधारण असाच आहे, त्यामुळे तिथले चढउतार पायांना आधी कळतात. फक्त उजाडायलाच सात-साडेसात होतात त्या दिवसांत, त्यामुळे चारला जाग आली म्हणून अंधारात एकट्या निघू नका. आणि जाग येणारच, नऊ-दहा तासांचा फरक आहे, पश्चिमेकडे गेलं की दुपारीच डोळे मिटायला लागतात आणि पहाटे तीनला टक्क जाग. या जेट लॅगला फार घाबरू नका, रविवारी तसंही पहाटेच उठायचंय, तुमचं शरीर आधीच त्या वेळेला लागलेलं असेल. दुपारी लोळत पडायचं नाही, उजेडात बसायचं आणि रात्री आठ-नऊपर्यंत कसंही करून जागं राहायचं, एवढं सांभाळलं तरी पुष्कळ. शनिवारी मात्र तुमचा पूर्ण आराम. जेवणात नेहमीचं, साधं, लवकर.

एम्पायर स्टेट सोमवारी ठेवा, तिथे लिफ्ट आहे, सोमवारी तुम्हाला लिफ्टचं महत्त्व फार कळेल. स्टॅच्यू ऑफ लिबर्टीच्या रांगेत त्या दोघांना शुक्रवारी उभं राहू द्या, तुम्हाला ती रविवारी सकाळी फुकटात दिसणार आहे.

त्याचं असं आहे की स्टार्ट स्टेटन आयलंडवर आहे, फोर्ट वॉड्सवर्थला, व्हेराझानो ब्रिजच्या तोंडाशी. तिथे पोचायला एकतर मिडटाऊनहून बस किंवा मॅनहॅटनच्या टोकावरच्या व्हाइटहॉल टर्मिनलवरून स्टेटन आयलंड फेरी. यातलं एक रेसच्या आधी ऑनलाइन निवडायचं असतं, वेळेचा स्लॉटही तिथेच. तो ईमेल येईल तेव्हा दोन दिवसांनी बघू म्हणू नका, चांगले स्लॉट जातात. मी फेरी घ्या म्हणेन. बसमध्ये बसलं की बसलं, टॉयलेटचा भरवसा नाही. फेरीत टॉयलेट आहे, बसायला जागा आहे, पंचवीसएक मिनिटांचा प्रवास आणि जाताना उजव्या बाजूला उभं राहिलं की पुतळा दिसतो. फेरी उतरल्यावर पुढे परत शटल बस, तिलाही लांब रांग असते, ही रांग लोक हिशेबात धरायला विसरतात. एकटं पोचण्याची काळजी तर सोडूनच द्या, त्या पहाटे सबवेत निम्मे लोक पळायच्या कपड्यातच असतात, त्यांच्या मागे चालत राहिलात तरी पोचाल. घरच्यांना मात्र स्टार्ट व्हिलेजमध्ये, म्हणजे सुटायच्या आधी थांबायच्या मैदानात, सोडत नाहीत, त्यामुळे मिस्टरांना फेरी टर्मिनलवरूनच टाटा.

आणि एक गंमत, तिकडे नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पहाटे दोन वाजता घड्याळं एक तास मागे जातात आणि मॅरेथॉनही त्याच रविवारी. म्हणजे एक तास जास्तीची झोप. फोन आपोआप बदलतो, मनगटावरचं साधं घड्याळ आणि हॉटेलच्या खोलीतलं घड्याळ बदलेलच असं नाही. दोन अलार्म, दोन्ही फोनवर, बास.

आता थंडी. खरी थंडी पळताना नसते, ती पळायच्या आधी असते. पळणाऱ्यांना गटागटानं सोडतात, त्या गटाला वेव्ह म्हणतात, पहिली वेव्ह नऊनंतर सुटते आणि शेवटची साडेअकराच्या आसपास, तुमच्या टायमिंगला साडेदहा-अकराची कुठली तरी वेव्ह मिळेल. फेरी सातची असेल तर हिशेब करा, तीनेक तास उघड्या मैदानावर, समुद्राच्या वाऱ्यात. नोव्हेंबरच्या सुरुवातीला सकाळी सात-आठ डिग्री असणं नेहमीचं आहे आणि कधी एकदम उलटं, २०२२ च्या रेसला पारा चोवीसच्या आसपास गेला होता आणि लोक उकाड्यानं हैराण झाले होते, तेव्हा फक्त थंडीचीच तयारी करून जाऊ नका. न्यायचं ते असं: जुना जाड स्वेटर, जुनी ट्रॅकपँट, टोपी, हातमोजे, सगळं तिथेच टाकून देण्याच्या लायकीचं. स्टार्टजवळ हे कपडे गोळा करून दान करतात, त्यामुळे जिवावर यायचं कारण नाही. बसायला प्लास्टिकची शीट न्या, गवत ओलं असतं, आणि शूज-सॉक्स कोरडे राहावेत म्हणून पायात जुन्या चपला किंवा शूजवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवा. कसे दिसतो याचा विचार करू नका, तिथे लोक बाथरोब घालून बसलेले असतात. खायला तुमचं तुम्ही न्या, सुटायच्या दोन-तीन तास आधी खाता येईल असं. तिथे बेगल, कॉफी वगैरे देतात पण सवय नसेल तर त्या वाटेला जाऊ नका. सामान फक्त त्यांनी दिलेल्या पारदर्शक पिशवीत चालतं. आणि पाठीवरची पाण्याची बॅग, ती नळीवाली, चालत नाही, तुम्ही लाँग रनला ती वापरत असाल तर आत्तापासूनच कमरेच्या बेल्टची सवय करा.

आता साडेचार तासांचं. स्पष्टच सांगते, सोडून द्या. साडेचार म्हणजे किलोमीटरला ६ मिनिटं २४ सेकंद, तुमचं बेस्ट आहे ते साधारण ६:५२ चं. एवढी उडी घेणारे असतात, नाही असं नाही, पण ते सपाट कोर्सवर, घरच्या बिछान्यात झोपून, पहाटे उठून तासाभरात स्टार्टला उभे राहून. इथे तुम्ही उठल्यापासून पाच-सहा तासांनी पळायला सुरुवात करणार आणि कोर्सवर पाच पूल. ही रेस १९७० मध्ये सुरू झाली तेव्हा नुसती सेंट्रल पार्कमध्ये चकरा मारायची होती, १२७ जण उभे राहिले आणि ५५ जणांनी पूर्ण केली. १९७६ पासून ती शहराच्या पाचही बरोंमधून, म्हणजे मोठ्या विभागांमधून, जायला लागली आणि पाण्यानं तोडलेले हे भाग जोडायचे म्हणजे पूल आलेच. पूल म्हणजे चढ.

पहिलाच मैल व्हेराझानोचा चढ आहे, अख्ख्या कोर्समधला सगळ्यात उंच भाग तिथेच. पण तो कुणाला जाणवत नाही कारण पाय ताजे, तोफेचा आवाज, आजूबाजूला हजारो लोक, २०२४ साली ५५ हजारांपेक्षा जास्त लोकांनी ही रेस पूर्ण केली होती, त्यावरून गर्दीचा अंदाज करा. दुसरा मैल उतार, तिथे आपसूक वेग वाढतो आणि वाटतं वा आज काय फॉर्म आहे. तो फॉर्म नसतो, उतार असतो. ब्रुकलिनमध्ये फोर्थ अव्हेन्यूला बँड, पोरंटोरं, हातावर टाळ्या, इथे तुमच्या ठरलेल्या वेगापेक्षा हळू वाटेल इतकंच पळा. पुलास्की ब्रिजवर अर्धं अंतर होतं, मग क्वीन्सचा छोटा तुकडा आणि पंधराव्या मैलाच्या पुढे क्वीन्सबोरो ब्रिज. हा पूल लोकांना खातो. खालच्या डेकवरून पळायचं, डोक्यावर छत, प्रेक्षक कुणी नाहीत, नुसता पावलांचा आवाज आणि चढ संपता संपत नाही. तिथे चाललात तरी चालेल. खरंच. कारण पूल उतरून वळलात की फर्स्ट अव्हेन्यू आणि तिथे असला आरडाओरडा असतो की अंगावर काटा येतो, आणि नेमकं तिथेच लोक उधळतात. पुढे ब्रॉंक्समध्ये विसाव्या मैलाला त्याची वसुली होते. शेवटी फिफ्थ अव्हेन्यू, नकाशावर सरळ रेघ दिसते पण पार्कपर्यंत मैलभर हळूहळू चढतच जाते, तेवीस मैल झालेल्या पायांना तो डोंगर वाटतो.

म्हणून माझं म्हणणं, पाच तास डोक्यात ठेवून सुरुवात करा आणि फर्स्ट अव्हेन्यूला दम शिल्लक राहिला तर ४:५० बघा. पहिल्यांदा परदेशी पळताय, त्यातून ही रेस, घड्याळात डोकं घालून पळायची म्हणजे निम्मी मजा वाया. (माझं हे मत बऱ्याच पळणाऱ्यांना पटत नाही, त्यांचं त्यांना लखलाभ.) आणि हो, बोर्ड मैलांचे असतात, किलोमीटरचे फक्त दर पाचला. पाच तासांना मैलाला साधारण ११ मिनिटं २५ सेकंद पडतात, हे आकडे हातावर पेननं लिहून घ्या, कारण पुलाखाली आणि उंच बिल्डिंगांमध्ये जीपीएस काहीही दाखवतं. उरलेल्या आठवड्यांत लाँग रनचे शेवटचे चार-पाच किलोमीटर एखाद्या फ्लायओव्हरवर वर-खाली करा, उतारावरही, मांड्या उतारानंच जास्त जातात.

पाण्याचे स्टेशन तिसऱ्या मैलापासून जवळजवळ दर मैलाला आहेत. प्रत्येक ठिकाणी प्यायलाच पाहिजे असं नाही! पाच तास पळणाऱ्यानं दर मैलाला ग्लासभर पाणी ढोसलं तर रक्तातलं सोडियम उतरून भलतंच होऊ शकतं, आणि हे वेगवान लोकांपेक्षा हळू पळणाऱ्यांनाच जास्त होतं. तहान लागेल तसं घोट घोट घ्या. पेनकिलर घेऊन पळायची सवय असेल तर ती घरीच ठेवा, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या अशा वेळी किडनीवर ताण आणतात.

घरच्यांचं आता. मुलीला रेसचं ॲप द्या, ट्रॅकिंग तिच्याकडे, चौदा वर्षांची आहे, मिस्टरांपेक्षा लवकर जमेल. दोघांनी सकाळी ब्रुकलिनला जायचं, अटलांटिक अव्हेन्यू–बार्कलेज सेंटर स्टेशन, तिथे आठव्या मैलाच्या आसपास तुम्ही दिसाल. दिसला नाहीत तरी हरकत नाही, तिथे गर्दी फार. मग ४ नंबरच्या गाडीनं मॅनहॅटन, बदलून ६ नंबर आणि १०३ व्या स्ट्रीटला उतरायचं. शनिवार-रविवारी सबवेच्या मार्गात बदल असतात ते आदल्या दिवशी बघून ठेवा. तिथून पूर्वेला चालत फर्स्ट अव्हेन्यूला यायचं पण रस्ता ओलांडायचा नाही, अलीकडच्याच फुटपाथला उभं राहायचं, म्हणजे तुमच्या डाव्या हाताला. तुम्ही तिथे अठरा मैलांच्या थोड्या पुढे असाल. तुम्ही गेलात की त्यांनी उलटं वळून सरळ पश्चिमेला चालत सुटायचं, मैलाच्या आतच फिफ्थ अव्हेन्यू येतो, आणि परत अलीकडच्याच फुटपाथला थांबायचं. तोवर तुम्ही ब्रॉंक्सला जाऊन खाली येत असाल, तेवीसाव्या मैलाजवळ, आणि ते परत तुमच्या डाव्या हातालाच! त्यांना रस्ता एकदाही ओलांडावा लागत नाही आणि तुम्हाला एकच लक्षात ठेवायचं, १०३ वा स्ट्रीट आणि डावा हात. मुलीला भडक रंगाचं काहीतरी घालायला सांगा, नुसतं "आई" ओरडून ऐकू येणार नाही.

फिनिशला त्यांनी यायचं नाही, तिथे घुसताच येत नाही. आणि रेस संपली की तुमचं चालणं संपलं असं समजू नका, मेडल, फॉइल, खाऊची पिशवी असं करत करत पार्कच्या बाहेर पडेपर्यंत बराच वेळ रांगेत चालवतात आणि बसलं की उठवतात. रेसच्या आधी बॅग जमा करायची की नंतर उबदार पोंचो घ्यायचा असं विचारतात, तुम्ही पोंचोच घ्या, बॅगवाल्यांना जास्त चालावं लागतं. तुम्ही बाहेर पडेपर्यंत चार-साडेचार होतील, घड्याळं मागे गेल्यामुळे पाचच्या आधीच सूर्य मावळतो आणि अंगातला घाम एकदम गार पडतो. म्हणून भेटायची जागा आधीच ठरवा, पार्कच्या पश्चिमेला, दोन-तीन ब्लॉक लांब, एखादा कोपरा, शुक्रवारच्या त्या छोट्या रननंतर तिघांनी जाऊन प्रत्यक्ष बघून या. फोनवर भरवसा ठेवू नका, बॅटरी थंडीत उतरते, नेटवर्क अडकतं. पत्ता कागदावर लिहून बिबच्या मागे चिकटवा, तिथेच मागे इमर्जन्सी नंबर आणि औषधांची ॲलर्जी वगैरे भरायची जागा असते, ती रिकामी सोडू नका. मिस्टरांकडे कोरडे कपडे आणि सैल चपला.

इन्शुरन्स घेतलाय असं तुम्ही लिहिलं नाहीये. नसेल तर आजच घ्या. असेल तर त्याची बारीक अक्षरं वाचा, काही पॉलिसींमध्ये स्पर्धा, ॲडव्हेंचर वगैरे वगळलेलं असतं, कंपनीला मेल करून "मॅरेथॉन कव्हर होते का" याचं लेखी उत्तर मागवा. अमेरिकेत साधं सलाइन लावायला इमर्जन्सी रूममध्ये गेलात तरी बिल हजारो डॉलरचं येऊ शकतं, आणि तेव्हा मात्र मिस्टर खर्चाबद्दल जे काही म्हणतील त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

सोमवारी मेडल गळ्यात घालून फिरा, लाजू नका, त्या दिवशी शहरभर लोक घालून फिरतात आणि अनोळखी माणसं अभिनंदन करतात. मंगळवारच्या फ्लाइटला आइलची सीट आत्ताच बदलून घ्या, तासा-दीड तासानं उठून चकरा मारा, पाणी पीत राहा. एकाच पायाची पोटरी सुजली, लाल झाली, हात लावू देईना, तर ते मॅरेथॉनचं दुखणं समजून घरी बसू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा. आणि मेडल केबिन बॅगेत ठेवा, चेक-इन बॅगा हरवतात, सिक्युरिटीवाल्यांनी बाहेर काढायला लावलं तर काढून दाखवा.